पिकअपचा समोरचा बंपर बदलायचा आहे: स्टील, आखूड की अॅल्युमिनियम?

रानवाट

नमस्कार. माझ्याकडे चॅसीवर वेगळी बॉडी बसवलेला, फोर व्हील ड्राइव्हचा डबल कॅब पिकअप आहे. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि कॉइल स्प्रिंग आहेत, मागे पाटे आहेत. मूळ बंपर प्लास्टिकचा असून त्याची खालची कड ओढ्यातून वर चढताना दोनदा दगडाला लागून फाटली. दुसऱ्यांदा फाटली तेव्हा धुक्याचा दिवाही गेला. आता हा बंपर काढून बाहेरच्या कंपनीचा मजबूत बंपर बसवावा, असे मनात आहे.

माझा वापर असा: महिन्यातून दोनदा दगडधोंड्यांची किंवा चिखलाची वाट, बाकी सगळे डांबरी रस्त्यावर आणि त्यातही बरेचसे रात्री. विंच, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र, आज नाही, पण पुढच्या वर्षभरात घेण्याचा विचार आहे. गाडीला रडारवर चालणारा, म्हणजे पुढच्या गाडीपासून अंतर राखून वेग आपोआप सांभाळणारा क्रूझ कंट्रोल आहे आणि पुढे चार पार्किंग सेन्सर आहेत. माझ्यासमोर तीन पर्याय आहेत: वर नळीचा कठडा असलेला पूर्ण रुंदीचा स्टीलचा बंपर, चाकांपुढची जागा मोकळी सोडणारा आखूड स्टीलचा बंपर आणि पूर्ण रुंदीचा अॅल्युमिनियमचा बंपर. जाहिरातींत तिन्ही 'सर्वांत भक्कम' आहेत, त्यामुळे त्या वाचून काहीच ठरत नाही.

जुना_फिटर

आपण आजाराआधी औषध विचारत आहात. आपला बंपर कमकुवत होता म्हणून फाटला नाही, तर तो दगडाच्या वाटेत होता म्हणून फाटला. त्याच उंचीवर, तितकाच पुढे आलेला स्टीलचा बंपर बसवलात तर तो फाटणार नाही हे खरे, पण गाडी तिथेच अडेल आणि तो धक्का आता थेट चॅसीला बसेल. म्हणून आधी चढाचा कोन मोजा, ज्याला सगळे अॅप्रोच अँगल म्हणतात. गाडी सपाट जागेवर उभी करा, पुढच्या टायरच्या गोलाईला खालून स्पर्श करून जाणारी दोरी बंपरच्या सर्वांत खालच्या कडेपर्यंत ताणून धरा आणि त्या दोरीचा जमिनीशी होणारा कोन पाहा. हे मोजमाप मध्यभागी एकदा आणि चाकाच्या बरोबर समोर एकदा, असे दोन्हीकडे घ्या. नवा बंपर विकणाऱ्याकडूनही हेच दोन आकडे मागा. जो विक्रेता बंपरची जाडी लगेच सांगतो पण खालच्या कडेची उंची सांगू शकत नाही, त्याच्याकडून घेण्याची घाई करू नये.

आकडेमोड

फिटरसाहेबांच्या मुद्द्याला आकड्यांची जोड देतो. टायरची त्रिज्या ४० सेंमी धरा. बंपरची खालची कड जमिनीपासून ४० सेंमी उंच आणि चाकाच्या मध्यापासून ८० सेंमी पुढे असेल, तर चढाचा कोन बरोबर ३० अंश येतो. कडेची उंची तीच ठेवून ती फक्त १५ सेंमी मागे घेतली, तर कोन सुमारे ३८ अंश होतो. याउलट उंची १० सेंमीने कमी केली, तर तो २३ अंशांच्याही किंचित खाली जातो. म्हणजे बंपर किती वर आहे याइतकेच तो किती पुढे आलेला आहे याला महत्त्व आहे आणि विंचसाठी नाक पुढे काढलेले अनेक बंपर नेमके इथेच मार खातात.

दुसरा हिशेब वजनाचा. पूर्ण रुंदीचा स्टीलचा बंपर ८० किलोंचा आणि विंच ३५ किलोंचा धरू. मूळ प्लास्टिकचा बंपर आणि त्यामागची पट्टी निघाल्याने १५ किलो कमी होतात, म्हणजे निव्वळ वाढ १०० किलोंची. पण हे वजन पुढच्या आसाच्याही पुढे लटकते. त्याचा गुरुत्वमध्य आसाच्या ८० सेंमी पुढे आणि दोन्ही आसांमधले अंतर ३.१ मीटर असेल, तर पुढच्या आसावर १०० नव्हे, सुमारे १२६ किलो वाढतात आणि मागचा आस २६ किलोंनी हलका होतो. पिकअप रिकामा असताना त्याची मागची बाजू आधीच हलकी असते, हे लक्षात घ्या. ओल्या वळणावर आणि जोराच्या ब्रेकला हा फरक जाणवतो.

एका चाकाच्या वाट्याला ६३ किलो येतात. चाकाजवळ मोजलेला स्प्रिंगचा ताठपणा मिलिमीटरला ३० न्यूटन असेल, तर पुढची बाजू साधारण २ सेंमी खाली बसते. त्या २ सेंमीत वरच्या उदाहरणातला ३० अंशांचा कोन साडेअठ्ठावीसवर येतो. कोन वाढवण्यासाठी घेतलेल्या बंपरच्या वजनानेच कोन खाल्ला जातो तो असा.

खडकचढ

मग उत्तर सरळ आहे: आखूड बंपर घ्या. पुढचे चाक दगडाला सर्वांत आधी टेकले पाहिजे, बंपर नव्हे. आखूड बंपरात चाकांपुढचे दोन्ही कोपरे मोकळे राहतात, त्यामुळे तिरपे चढताना टायर थेट दगडावर येतो आणि गाडी स्वतःच वर जाते. त्याचे वजनही पूर्ण रुंदीच्या बंपरापेक्षा बरेच कमी असते. मी पूर्ण रुंदीचा बंपर दोन वर्षे वापरून काढून टाकला. त्याचे दोन्ही पंख आतल्या बाजूला वाकून चाकाच्या कमानीला घासू लागले होते.

रात्रपाळी

खडकचढ, आपले म्हणणे खडकांपुरते बरोबर आहे. धागाकर्ते मात्र महिन्यातले दोन दिवस दगडांत आणि उरलेले दिवस रस्त्यावर असतात, आणि तेही रात्री. रस्त्यावर आडवे येणारे जनावर बंपरच्या मधोमध येऊन थांबत नाही. माझ्या गाडीला ते डाव्या कोपऱ्यात धडकले होते. तेव्हा बंपर आखूड होता, त्यामुळे दिवा, फेंडर आणि आतली पाण्याची टाकी सगळे एकदम गेले. रेडिएटर वाचला, पण फेंडर टायरवर दाबला गेल्याने गाडी जागची हलेना. आखूड बंपरामुळे टायर उघडे पडतात, ते चिखल आणि खडी थेट बॉनेटवर आणि काचेवर उडवतात, ही गैरसोय वेगळीच. काही ठिकाणी चाक झाकलेले असणे कायद्यानेही बंधनकारक असते.

जुना_फिटर

रात्रपाळी यांच्याशी मी निम्मा सहमत आहे. पूर्ण रुंदी हवी, पण दिव्यांपर्यंत चढणारा उंच नळीचा कठडा हवाच का, याचा विचार व्हावा. ऑस्ट्रेलियात कांगारूंच्या धडकांमुळे असे कठडे रूढ झाले. पण तिथेही त्यांच्यासाठी एएस ४८७६ हे मानक २००२ मध्ये आले, कारण कठड्याची टोकदार कड किंवा पुढे झुकलेली नळी पादचाऱ्याला थेट इजा करते. युरोपीय संघाने २००५ च्या निर्देशाने पुढच्या संरक्षक कठड्यांना पादचारी सुरक्षेच्या चाचण्या लागू केल्या. काही देशांत असे कठडे बसवायलाच मनाई आहे. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी आपल्या वाहन कायद्यात काय चालते आणि विमा कंपनीला काय कळवावे लागते, हे पाहून घ्या. नंतर पाहिले तर बंपर घराच्या भिंतीला टेकवून ठेवावा लागतो.

आता माझ्या दृष्टीने या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मूळ बंपरच्या मागे, चॅसीच्या दोन्ही टोकांना, चुरडण्यासाठीच बनवलेले पातळ पेटीसारखे भाग असतात. धडकेची ऊर्जा ते स्वतः चेपून शोषतात. एअरबॅगचा नियंत्रक समोरचे आणि गाडीच्या मधले सेन्सर वाचून, धडक सुरू झाल्यापासून साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांत बॅग फुगवायची की नाही हे ठरवतो. तो निर्णय मूळ पुढची बाजू कशी चेपते त्यावर बेतलेला असतो. आपण त्या पेट्या काढून तिथे १० मिमी जाडीची पट्टी बोल्टने आवळली, की धक्का चॅसीत वेगळ्या वेगाने आणि वेगळ्या आकाराने पोहोचतो. किरकोळ धडकेतही बॅग उघडू शकते किंवा हव्या त्या क्षणी उशीर होऊ शकतो. म्हणून 'एअरबॅगशी सुसंगत' एवढे शब्द पुरेसे नाहीत. आपल्याच मॉडेलवर आणि त्याच वर्षाच्या गाडीवर चाचणी झाली आहे का आणि मूळ पेट्या राहतात की त्यांच्या जागी चेपणारे दुसरे भाग मिळतात, हे लेखी विचारा. उत्तर गोलमोल आले तर तो बंपर कितीही देखणा असो, सोडून द्या.

दोरखंड

विंच वर्षभरात येणार असेल, तर बंपर आजच विंचचा घ्यावा लागेल. नंतर जागा करता येत नाही. विंच बंपरच्या पत्र्याला धरून ओढत नसतो, तो चॅसीला धरून ओढतो, आणि मधली प्रत्येक पट्टी, वेल्ड आणि बोल्ट त्या ओढीच्या वाटेवर असतो. विंचची बैठक आणि चॅसीला जाणाऱ्या उभ्या पट्ट्या एकमेकींना थेट जोडलेल्या आहेत का, ते खाली वाकून पाहा. ओढ नेहमी सरळ नसते. गाडी तिरपी अडकलेली असली की बैठकीला पीळ बसतो आणि नुसत्या बाहेरच्या पत्र्यावर टाकलेला वेल्ड तिथे सुटतो.

ताकदीचा ठोकताळा असा, की गाडीच्या भरलेल्या कमाल वजनाच्या दीडपट क्षमतेचा विंच घ्यावा. आपल्या गाडीचे कमाल वजन २,९०० किलो असेल, तर दीडपट म्हणजे ४,३५० किलो. बाजारात सहज मिळणारा ४,३०० किलोंचा विंच काठावर बसतो आणि ५,४०० किलोंचा निर्धास्त. पण डब्यावर लिहिलेली क्षमता ड्रमवर दोराचा एकच थर असताना मिळते. चार-पाच थर असताना ती दोन-तृतीयांशांच्या आसपास उतरते. म्हणून एक कप्पी सोबत ठेवा. दोर कप्पीतून फिरवून परत गाडीलाच अडकवला की ओढ जवळजवळ दुप्पट होते. कृत्रिम धाग्याचा दोर घेतला तर पोलादी तारेपेक्षा वजनही कित्येक किलोंनी वाचते, फक्त त्याच्यासोबत दोर जिथून बाहेर येतो तिथे गुळगुळीत अॅल्युमिनियमचे तोंड लावा. तारेने खरवडलेले जुने रोलर त्या दोराला कापतात.

शॅकल, म्हणजे ओढायचा दोर जोडण्याची खिळीची कडी, अडकवण्याच्या कानांबद्दल मी आपबीती सांगतो. माझ्या पहिल्या बंपरचे कान एका कार्यशाळेत बनवून घेतले होते. ते दिसायला जाडजूड होते, पण ५ मिमीच्या पुढच्या पत्र्यावर बाहेरून वेल्ड केलेले होते. चिखलातून ताणाच्या दोराने ओढताना पत्र्यासकट एक कान उपटला आणि ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या दारात घुसला. तिथे कोणी उभे नव्हते एवढेच. कानाची पट्टी बंपरच्या पत्र्यातून आरपार जाऊन मागे चॅसीच्या पट्टीला वेल्ड झालेली असली पाहिजे. पाऊण इंची शॅकलची सुरक्षित भारक्षमता साधारणपणे ४.७५ टन असते आणि तिची खीळ २२ मिमीची असते. कानाचे भोक त्या मापाचे हवे आणि त्याच्या कडा गोल केलेल्या हव्यात, म्हणजे दोराचे मऊ शॅकलही वापरता येतात.

रानवाट

सर्वांचे आभार. दोरखंड यांचा अनुभव वाचून मी काल एका विक्रेत्याकडे जाऊन खाली वाकून पाहिले. पहिल्याच बंपरचे कान पत्र्यावर बाहेरून चिकटवलेले निघाले. रडार आणि सेन्सरबद्दल कोणी सांगू शकेल का? विक्रेता म्हणतो की 'ते बंद करून टाकू, तसाही कोणी वापरत नाही'.

तारांचा_गुंता

असे म्हणणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका. क्रूझ कंट्रोलचे रडार साधारण ७७ गिगाहर्ट्‌झवर चालते, म्हणजे त्याच्या लहरींची लांबी सुमारे ४ मिमी असते. स्टील किंवा अॅल्युमिनियम यांतून त्या पार जात नाहीत. बंपरमध्ये रडारसमोर मोकळी खिडकी असावी किंवा प्लास्टिकचे झाकण असावे. त्या झाकणाला धातूचे कण असलेला रंग देऊ नये आणि रडारची जागा व दिशा मूळ जागेपासून ढळू नये. विंचचा दोर, नंबर प्लेट आणि आडव्या दिव्याची पट्टी यांपैकी काहीही त्याच्या नजरेसमोर येता कामा नये. हेच रडार बहुतेक गाड्यांत आपोआप लागणाऱ्या ब्रेकलाही माहिती देते, हे विक्रेत्याला बहुधा ठाऊक नसावे. बंपर बसल्यावर रडारचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची दिशा आणि मोजमाप पुन्हा नेमके लावणे, करून घ्या. पुढची बाजू २ सेंमी खाली बसली असेल, तर आधी ती उंची दुरुस्त करा आणि मग कॅलिब्रेशन करा, नाहीतर तेच काम दोनदा होईल.

पार्किंग सेन्सर ध्वनिलहरींवर चालतात. ते जाड पत्र्यात थेट ठोकून बसवले तर पत्राही थरथरतो आणि सेन्सर स्वतःचाच आवाज अडथळा समजतो. त्यांना प्लास्टिक किंवा रबराच्या बाहीत बसवावे लागते आणि तोंड पत्र्याच्या पातळीत ठेवावे लागते. आणखी एक गोष्ट: सेन्सरला विंचचे तोंड किंवा शॅकल दिसू लागले की गाडी उभी असतानाही ते ओरडत राहतात.

लोहभस्म

धातूबद्दल थोडे. अॅल्युमिनियमची घनता स्टीलच्या सुमारे एक-तृतीयांश असते, पण ताठपणाही साधारण तेवढाच कमी असतो, म्हणून पत्रा जाड वापरावा लागतो आणि अंतिम वजन स्टीलच्या निम्म्यापर्यंत येते, एक-तृतीयांशापर्यंत नाही. स्टील वाकले तर गावोगावी कोणीही ते तापवून, ठोकून सरळ करतो. अॅल्युमिनियम वाकले की तडा जाण्याचा संभव अधिक असतो, आणि वेल्ड केल्यावर वेल्डशेजारची पट्टी मऊ पडते. त्याचा स्टीलच्या चॅसीशी आणि बोल्टशी थेट स्पर्श झाला तर खाऱ्या किंवा चिखलमिश्रित पाण्यात तोच गंजत जातो. म्हणून मधे विलग करणारे वॉशर हवेत. दगडांत सतत घासणार असाल तर स्टील, रस्त्यावर वजन सांभाळायचे असेल तर अॅल्युमिनियम.

पावडर कोटिंगला भुलू नका. ते चकचकीत दिसते, पण खाली जस्ताचा प्रायमर नसेल तर एक ओरखडा पुरतो. गंज कोटिंगखाली पसरत जातो आणि वरून काही कळत नाही. आतल्या पोकळ जागेत रंग पोहोचला आहे का आणि पाणी बाहेर पडायला खाली भोके आहेत का, हे टॉर्च मारून पाहा.

खडकचढ

एक राहिले. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना हवा आत वळवणारे प्लास्टिकचे पडदे असतात. बंपर बदलताना ते काढून फेकण्याची अनेकांना सवय असते. मग हवा रेडिएटरला वळसा घालून बाजूने निघून जाते आणि चढावर, ओझे ओढताना, तापमानाचा काटा वर चढतो. पडदे परत लावून घ्या.

आकडेमोड

रानवाट, निर्णयापूर्वी एक काम करा. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत पुढच्या आसाची कमाल मर्यादा लिहिलेली असते. मग गाडी वजनकाट्यावर फक्त पुढची चाके ठेवून तोला. पुढे दोन माणसे बसवून आणि टाकी भरून तोलली, तर उरलेली मोकळीक नेमकी कळेल.

रानवाट

तोलून आलो. पुढच्या आसाची मर्यादा १,४५० किलो आहे आणि दोन माणसांसह भार १,३०५ किलो भरला, म्हणजे मोकळीक १४५ किलोंची. स्टीलचा पूर्ण रुंदीचा बंपर आणि विंच मिळून त्यातले १२६ किलो खाणार होते.

आकडेमोड

१९ किलो उरतात. बॉनेटखाली दुसरी बॅटरी बसवायची म्हटली, तरी तेवढ्यात मावणार नाही. अॅल्युमिनियमचा बंपर ४० किलोंचा आणि कृत्रिम दोराचा विंच २८ किलोंचा धरून पाहा. मूळ बंपरचे १५ किलो वजा जाऊन निव्वळ वाढ ५३ किलोंची आणि पुढच्या आसावर सुमारे ६७. शिवाय पुढची बाजू जेमतेम १ सेंमी बसेल.

रात्रपाळी

आणि कोपरेही झाकलेले राहतील. माझी हरकत नाही.

खडकचढ

माझी आहे, पण ती सवयीची आहे. अॅल्युमिनियमचाच घेणार असाल तर ज्याचे पंख टोकाकडे वर उचललेले आहेत असा शोधा. चाकासमोरचा कोन मध्यभागापेक्षा जास्त हवा.

रानवाट (तीन आठवड्यांनंतर)

बंपर बसला. अॅल्युमिनियमचा, पूर्ण रुंदीचा, पंख उचललेला, वर कठडा नसलेला घेतला. विंचची बैठक आणि शॅकलचे कान एकाच पोलादी चौकटीला वेल्ड केलेले आहेत, ती चौकट बोल्टने चॅसीला धरते आणि अॅल्युमिनियमचे कवच तिच्यावर वॉशर घालून बसते. चेपणाऱ्या पेट्या कंपनीने स्वतःच्या दिल्या आहेत आणि माझ्याच मॉडेलवरच्या चाचणीचा कागदही दिला. विंच अजून घेतलेला नाही. दोरीने मोजलेला कोन मध्यभागी २८ वरून ३२ अंशांवर आला आणि चाकासमोर ३६ मिळाला. रडारचे कॅलिब्रेशन पहिल्याच प्रयत्नात झाले. हवेचे पडदे मात्र नव्या चौकटीच्या मापाने थोडे कापावे लागले.

एकच शंका उरली आहे. बंपर आणि फेंडर यांतली फट उजवीकडे १४ मिमी आणि डावीकडे ९ मिमी आहे. बसवणाऱ्याचे म्हणणे आहे की एवढे चालते.

जुना_फिटर

चालत नाही. बंपर चॅसीला धरलेला आहे आणि फेंडर रबरावर बसलेल्या बॉडीला. खड्ड्यात चॅसी पिळली की ती दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र हलतात, आणि ९ मिमी त्या हालचालीला कमी पडतील. चौकटीचे बोल्ट सैल करा, भोकांत थोडी मोकळीक असेल, तेवढ्यात बंपर उजवीकडे सरकवून दोन्ही बाजूंना साडेअकरा करा आणि कंपनीने दिलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरवून दिलेल्या जोराने, पुन्हा आवळा. पाचशे किलोमीटर झाले की टॉर्क पाना परत एकदा लावा. नवे कोटिंग बोल्टच्या डोक्याखाली दबते आणि पहिला ताण तिथेच सुटतो.